सिल्लेवानीच्या घाटात तेल एकशे एकतीस

पांढुर्ण्यात दादारावांना कोणी तब्येत विचारली, की ते इंजिनाची सांगत. "बरं हाये. काल पंच्याण्णव होतं." विचारणाऱ्याला वाटे शुगरचं बोलून राहिले. तो आपुलकीनं विचारी, "उपाशीपोटी का जेवल्यावर?" दादाराव शांतपणे सांगत, "चढावर."

यात त्यांचा दोष फार नव्हता. वीज खात्यात चौतीस वर्षं मीटर वाचत हिंडलेला माणूस. पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिलींत असं घर क्वचितच असेल, ज्याच्या भिंतीला नाक लावून त्यांनी आकडा वाचलेला नाही. दारात कुत्रं बांधलेलं असो की घरात भांडण चाललेलं असो, मीटर पाहिल्याशिवाय त्यांनी कधी आकडा लिहिला नाही. खात्यात हा गुण समजला जात नसे, पण त्यांना कोणी अडवलंही नाही. निवृत्त झाल्यावर वाचायला मीटर उरलं नाही, तेव्हा त्यांनी एक जुनी सात सीटची डिझेल गाडी घेतली आणि तिच्यात मिस्त्रीकडून इंजिन तेलाचं तापमान दाखवणारा वेगळा काटा बसवून घेतला.

गाडीत पाण्याचा काटा होताच की, असं बायकोनं, म्हणजे शकुंतलाबाईंनी, तेव्हा म्हटलं होतं. त्यावर दादारावांनी तिला सगळं समजावलं. पाण्याचा काटा कायम अर्ध्यावर उभा असतो, घाट चढा की गावात फिरा. त्याचं काम माणसाला धीर द्यायचं. इंजिनावर खरा भार किती पडला, ते तेलाला विचारावं लागतं. तेल उशिरा तापतं, तापलं की उशिरा निवतं, आणि फार तापलं तर पातळ होऊन इंजिनाची वाट लावतं. शकुंतलाबाई मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "बरं."

एवढ्या काट्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग दादारावांनी डब्बा बनवायला घेतला.

डब्बा हे गावानं ठेवलेलं नाव. दादाराव त्याला कॅरव्हॅन म्हणत. बोरगावला विनोद नावाचा एक पोरगेला कारागीर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा. त्यानं आयुष्यात कॅरव्हॅन बनवली नव्हती, पण मोबाइलवर फोटो पाहून तो म्हणाला, "होऊन जाईन काका, ट्रॉलीले छत टाकलं का झालं." दोन चाकं, अकरा फूट लांबी, एक पलंग, एक शेगडीचा ओटा आणि एक संडास. दादाराव घरून शकुंतलाबाईंच्या खुर्चीची उंची मोजून घेऊन गेले होते. भांडं त्याच उंचीवर बसलं पाहिजे, दोन्ही बाजूंना धरायला दांड्या पाहिजेत, आतून कडी पाहिजे. विनोदनं नकाशा बघून डोकं खाजवलं. "काका, तुमी तं खोली लहान करून संडास मोठा करून राहिले."

"हो," दादाराव म्हणाले.

त्याचं कारण सव्वीस वर्षांमागचं होतं. शकुंतलाबाई तेव्हा अंगणवाडीत होत्या आणि ट्रेनिंगसाठी छिंदवाड्याला निघाल्या होत्या. दादाराव सोबत होते. सौसर सोडलं, रामाकोना मागं पडला आणि सिल्लेवानीच्या घाटात बस बंद पडली. बसमध्ये साठ माणसं, त्यात बाया सात. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधल्या रस्त्यावर जिकडं बघावं तिकडं बिड्या ओढत बसलेले बाप्ये. शकुंतलाबाईंनी नवऱ्याला हळूच सांगितलं, मले जायचं हाये. दादाराव ड्रायव्हरला मदत करत होते. ते म्हणाले, "आता सुरूच होऊन राहिली, थोडं धर." अर्ध्या तासानं त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. असं ते पाच तास सांगत राहिले. बस संध्याकाळी हलली, आणि शकुंतलाबाईंनी ट्रेनिंगचे पहिले चार दिवस सरकारी दवाखान्यात काढले.

त्या यावर कधी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दादारावांना पुढं पुष्कळदा वाटलं. शकुंतलाबाईंनी फक्त प्रवासात पाणी प्यायचं सोडलं. कुठं जायचं असलं, की आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही. पुढं गुडघे गेले, खाली बसणं बंद झालं, आणि मग जाणंच बंद झालं. सहा वर्षांत सौसरच्या माहेरापलीकडं त्या गेल्या नव्हत्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सगळी वस्ती नागपूरला जाई आणि त्या टीव्हीपुढं पांढरी साडी नेसून बसत. बोधगया बघायचं त्यांच्या मनात लग्नापासून होतं. तेही आता त्या बोलत नसत.

डब्बा अंगणात आला तेव्हा त्यांनी तो आतून बाहेरून पाहिला. संडासाचं दार उघडलं, लावलं. मग अट घातली.

"छिंदवाड्याले न्या मले, अर्चनाकडं. घाटात गाडी उभी नाई राहिली, तं बुद्ध पौर्णिमेले बोधगयेले येईन. उभी राहिली, तं हे विकून टाका. आन् मंग मले कुठं चाल म्हणू नका."

अर्चना म्हणजे त्यांची मुलगी, छिंदवाड्याला नर्स. दादारावांनी अट मान्य केली. त्या दिवसापासून तेलाचा काटा हा त्यांच्या संसाराचा प्रश्न झाला.

त्यांनी तयारी मात्र सरकारी माणसाला शोभेल अशी केली. रिकामा डब्बा धरमकाट्यावर चढवून वजन केलं. सातशे ऐंशी किलो. तो मागं लावून पांढुर्णा ते सौसर आणि परत अशा चार फेऱ्या मारल्या, आणि कुठल्या चढाला तेल किती, ते लिहून ठेवलं. सौसरच्या वेशीवर अठ्ठ्याण्णव, चारही वेळा. मिस्त्री म्हणाला होता की एकशे चाळीसपर्यंत घाबरू नका. दादारावांनी दहा अंश हाताशी ठेवले आणि एकशे तीस ही हद्द धरली. त्यापुढं गाडी उभी करायची, मग काहीही होवो.

शेजारचे वसंतराव हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्यासमोर दादारावांनी आकडे ठेवले. वसंतरावांनी चष्मा लावून ते तपासले, जसे काही पेपर तपासत होते, आणि उपाय सांगितला. "चढावर गेअर खालचा टाका, पाण्याच्या पंपाले जोरात फिरू द्या. तरी तापलं, तं हीटर फुल सोडा. इंजिनची गर्मी आत घेऊन घ्या, तितकी तेलाची कमी होते."

"आत शकुंतला राहीन ना."

"त्याईले सांगा, पाच मिनिटाचं काम हाये." वसंतरावांना स्वतःच्या बायकोला असं काही सांगायचं नव्हतं, म्हणून हा उपाय त्यांना सोपा वाटला.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी निघायचं ठरलं. सकाळी दादाराव पाणी प्यायला गेले, तर शकुंतलाबाईंचा पेला माठावर पालथा आणि कोरडा होता. कालपासूनच कोरडा असणार. त्यांनी तो बघितला आणि तसाच पालथा राहू दिला.

आता इथं आमच्या भागाची एक रीत सांगावी लागेल. कोणाची गाडी कुठं निघाली आणि तिच्यात जागा आहे, हे कळलं की ती रिकामी जाऊ देणं हे शेजारधर्माला धरून होत नाही. 'जाऊनच राहिले तं एवढं घेऊन जा', असं म्हणत माणूस जे आणतो, त्याला नाही म्हणायची सोय नसते. आणि डब्ब्याइतकी मोठी, डब्ब्याइतकी रिकामी गोष्ट पांढुर्ण्याहून छिंदवाड्याला आजवर निघाली नव्हती. वसंतरावांच्या मीनाताईंनी छिंदवाड्याला असलेल्या आपल्या मुलीसाठी, श्रुतीसाठी, संत्र्यांचे चार क्रेट आणि शिलाई मशीन आणून ठेवलं. मृग बहाराचं संत्रं, गोड, पोरीला तिथं असं कुठं मिळणार. शकुंतलाबाई म्हणाल्या, "ठेवा ना मागं." दादाराव तेव्हा गाडीखाली झोपून तेलाचा नट तपासत होते.

जामसांवलीच्या फाट्यावर हनुमानाच्या दर्शनाला आलेल्यांची गर्दी होती, म्हणून गाडी हळू घ्यावी लागली. सौसरच्या वेशीवर काटा एकशे चारवर होता. दादारावांच्या कपाळाला आठी पडली. सहा अंश कुठून आले? त्यांनी गर्दीवर संशय घेतला.

सौसरला शकुंतलाबाईंचे भाऊ मनोहर यांच्याकडे चहाला थांबावंच लागलं. बहीण सहा वर्षांनी पुढं निघाली होती, त्यामुळे भावजयीनं एका कपावर सोडलं नाही. शकुंतलाबाई दोन कप चहा प्यायल्या, आणि दुसऱ्या कपाला त्यांचा चेहरा औषध घेतल्यासारखा झाला. तेवढ्या वेळात मनोहरनं मागच्या दारानं संत्र्यांचे सहा क्रेट, तुरीची दोन पोती आणि अर्चनानं मागे कधी तरी मागितलेला दगडी पाटा-वरवंटा डब्ब्यात चढवला. दादाराव समोर बॉनेट उघडून तेलाची पट्टी पुसत होते. तेल बरोबर होतं. त्यांनी समाधानानं बॉनेट लावलं.

रामाकोन्याला सपाट रस्त्यावर काटा एकशे बारा. आता दादारावांनी वाऱ्यावर संशय घेतला, मग उन्हावर, मग डिझेल भरलेल्या पंपावर. आपल्या घरच्यांवर संशय घ्यायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही.

"गाडी मागून बसल्यासारखी वाटून राहिली," ते म्हणाले.

"रस्ता खराब हाये," शकुंतलाबाई म्हणाल्या. रस्ता गुळगुळीत होता.

घाट लागला. दादारावांनी तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिन ओरडायला लागलं. एकशे एकोणीस. पुढच्या वळणाला एकशे तेवीस. त्यांनी काच खाली केली आणि हीटर पूर्ण सोडला.

"हे गरम हवा कुठून येऊन राहिली?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"इंजिनची हाये. पाच मिनिटाचं काम हाये."

"इंजिनची हाये, तं इंजिनमंधीच राहू द्या ना."

दोघांच्याही कपाळावरून घाम गळत होता. शकुंतलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि डोळे समोर ठेवले. एका हातानं त्यांनी दाराची दांडी घट्ट धरली होती. त्या घाटाकडे बघत नव्हत्या. घाट कुठं संपतो, ते बघत होत्या. एकशे सव्वीस. एकशे अठ्ठावीस. माथा दीड किलोमीटर राहिला होता. मोठं वळण आलं, आणि ते संपताना काटा एकशे तीसच्या रेषेपलीकडं गेला.

काटा स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, खाली होता. तो शकुंतलाबाईंना दिसत नव्हता. मिस्त्रीच्या हिशेबानं अजून नऊ अंश बाकी होते. दोन मिनिटांत माथा आला असता, गाडी उभी राहिली नसती, आणि बुद्ध पौर्णिमेला बायको बोधगयेला आली असती. यासाठी दादारावांनी फक्त गप्प बसायचं होतं. चौतीस वर्षांत त्यांनी एकही आकडा लपवला नव्हता. आज लपवावासा वाटला, आणि फार जोरात वाटला. पण या बाईला याच घाटात पाच तास खोटं सांगितलेलं होतं, आणि तेही त्यांनीच.

"एकशे एकतीस झालं," ते म्हणाले.

"मंग?"

"थांबवा लागन."

वळणापुढं रस्त्याच्या कडेला रुंद जागा होती. त्यांनी गाडी तिथं घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन चालूच ठेवलं. तेल फिरत राहिलं पाहिजे, नाही तर ते आतल्या आत जळतं. शकुंतलाबाई समोर बघत बसल्या होत्या.

"झालं," त्या म्हणाल्या. रागानं म्हणाल्या नाहीत. दादारावांना त्या रागावल्या असत्या तर चाललं असतं.

ते उतरून मागं गेले. डब्ब्याच्या स्प्रिंगा पार बसल्या होत्या आणि टायर फुगून बाजूला आले होते. त्यांनी दार उघडलं. पलंगावर तुरीची पोती झोपली होती. त्यांच्या पायथ्याशी शिलाई मशीन. ओट्याखाली पाटा आणि वरवंटा. शकुंतलाबाई हळूहळू उतरून त्यांच्यामागं येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय हाये?"

"सामान."

"कोणाचं?"

"मीनाताईचं. मनोहरचं. पाटा अर्चनाचा."

"मले काहून नाई सांगितलं?"

"तुमी इंजिनमंधी होते."

दादारावांनी संडासाचं दार उघडलं. आत जमिनीपासून छतापर्यंत संत्र्यांचे दहा क्रेट रचले होते. खुर्चीच्या उंचीचं भांडं, दोन्ही दांड्या, सगळं संत्र्यांमागं गेलं होतं.

"इथं काहून ठेवले?"

"इथंच दार लागते. घरंगळले नसते." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "याचं काम पडन, असं मले नाई वाटलं."

दादाराव डब्ब्याच्या पायरीवर बसले. इतके महिने त्यांनी भांड्याची उंची मोजली, दांड्या घासून गुळगुळीत केल्या, कडी तीनदा बदलली. आणि जिच्यासाठी हे केलं, तिनं तिथं संत्री भरली. त्यांना वाईट वाटलं. त्याहून वाईट हे वाटलं, की तिचं बरोबर होतं. या माणसाच्या भरवशावर कोण पाणी पिईल?

"काहो," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"काय?"

"मले जायचं हाये." त्यांनी नजर रस्त्याकडं वळवली. "वहिनीनं दोन कप चहा पाजला."

दादाराव उठले. 'थोडं धर' हे शब्द त्यांच्या तोंडात आलेही नाहीत. सदुसष्ट वर्षांच्या त्या माणसानं बावीस-बावीस किलोचे दहा क्रेट एकामागून एक उचलून रस्त्याच्या कडेला ठेवले. पाचव्याला कमर बोलली, आठव्याला चपलेचा अंगठा तुटला, पण त्यांनी काम सोडलं नाही. दहावा ठेवला आणि आत फडकं मारून ते बाजूला झाले. शकुंतलाबाई दांडी धरून वर चढल्या. दार लागलं. आतून कडीचा आवाज आला.

दादाराव डब्ब्याकडं पाठ करून रस्त्यात उभे राहिले. एक ट्रक गेला, दोन मोटरसायकली गेल्या. प्रत्येकाकडे त्यांनी असं बघितलं, की कोणी वेग कमी केला नाही.

शकुंतलाबाई बाहेर आल्या. ओट्याच्या नळावर त्यांनी हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि पायरीवर टेकल्या. खाली दरीत पळसाला फुलं आली होती, ती बघत राहिल्या.

"बाटली द्या," त्या म्हणाल्या.

दादारावांनी बाटली दिली. शकुंतलाबाईंनी ती तोंडाला लावली आणि घोट घोट करत अर्धी संपवली. श्वास घेतला, आणि उरलेलीही संपवली. काय करावं ते न सुचून दादाराव काटा बघायला गेले.

"एकशे नऊ," त्यांनी तिथूनच सांगितलं.

तेवढ्यात खालून एक जीप आली आणि क्रेट बघून थांबली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "संत्री कशी दिली, काका?"

"विकायची नाईत," दादाराव म्हणाले.

शकुंतलाबाई ड्रायव्हरकडे बघतच नव्हत्या. जीपच्या मागच्या भागात सहा-सात बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या, लग्नाला निघाल्यासारख्या, काठाच्या साड्या नेसून. त्यांतली एक म्हातारी डोळे मिटून, ओठ दाबून बसली होती. शकुंतलाबाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"बाई, जायचं हाये का? जाऊन घ्या. आतून कडी हाये. पाणी हाये."

म्हातारीनं डोळे उघडले. आधी तिनं डब्ब्याकडं बघितलं, मग दादारावांकडं. दादारावांनी लगेच तोंड दरीकडं फिरवलं. म्हातारी उतरली. तिच्यामागं दुसरी उतरली, आणि मग सगळ्याच. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, टाइम होऊन राहिला." शकुंतलाबाईंनी त्याला सांगितलं, "होऊ दे."

एक गाडी थांबलेली बघून पाठीमागची थांबली, तिच्यातून दोघी आल्या. वर जाणारी एक बस हळू झाली, कंडक्टरनं विचारपूस केली, आणि तिच्यातून चौघी खाली आल्या. घाटाच्या कडेला बायांची रांग लागली. बोलणं सुरू झालं, कुठल्या गावच्या, कोणाकडं निघाल्या. शकुंतलाबाई दाराशी उभ्या राहून एकीला आत सोडत, बाहेर येणारीच्या हातावर पाणी घालत आणि मीनाताईंच्या क्रेटमधलं एक संत्रं देत. श्रुतीच्या वाट्याची संत्री कमी होत होती. आईनं किती पाठवली होती, हे तिला कळणारही नव्हतं. दादाराव वीस लिटरच्या कॅनमधून टाकीत पाणी भरत होते. बसच्या ड्रायव्हरनं त्यांना विचारलं, "काका, किती टाइम लागन अजून?"

"तेल थंडं होऊन राहिलं," दादाराव म्हणाले. काटा अठ्ठ्याऐंशीवर केव्हाच आला होता.

शेवटची बस गेली, तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. दादारावांनी उरलेले क्रेट पलंगाखाली आणि गाडीच्या मागच्या सीटांवर वाटून ठेवले. संडासात एकही ठेवला नाही. दोघं गाडीत बसले. शकुंतलाबाईंच्या साडीला संत्र्याचा वास येत होता. हातात त्यांनी पाण्याची दुसरी बाटली घेतली होती.

दादाराव प्रामाणिक माणूस. गाडी सुरू करायच्या आधी ते म्हणाले, "घाटात उभी राहिली. तुयी अट होती."

"हो. राहिली."

त्यांनी झाकण उघडून दोन घोट घेतले आणि बाटली मांडीवर ठेवली.

"बोधगयेपर्यंत असे किती घाट हायेत?"

"पाह्यले नाई अजून."

"पाहून घ्या," शकुंतलाबाई म्हणाल्या. "सगळ्याइत थांबू."